भावोजींचा व्हिडिओ आणि रात्रीचे १० युनिट

गिरगावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यजमान ५४ वर्षांचे, स्वतःचं शिलाईचं दुकान. डायबेटिस बारा वर्षांपासून, तीन प्रकारच्या गोळ्या चालू. ताज्या रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची शुगर २४८, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) १०.३, हिमोग्लोबिन १०.९. डॉक्टरांनी रोज रात्री १० युनिट इन्सुलिन घ्यायला सांगितलं. सुई लावून टोचायचं इन्सुलिनचं पेन घरी आलं, पण वापरलं गेलं नाही. नणंदेच्या यजमानांनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता: इन्सुलिन लाल रक्तपेशींच्या आवरणात बदल घडवतं, त्याने रक्त बिघडतं आणि एकदा लागलं की सुटत नाही. ताईंना वाटलं, नेहमीचीच थाप असेल. खात्रीसाठी बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीला शोधायला लावलं, तर ती म्हणाली, "आई, असे पेपर खरंच आहेत गं." ते ऐकून यजमानांनी पेन फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवून दिलं. ताई विचारतात: "हे खरं असेल तर मी कुठल्या तोंडाने आग्रह करू? खोटं असेल तर पटवू कशी? बारा वर्षं पथ्य मीच सांभाळतेय, माझंच काही चुकलं का? आणि सुई टोचायला मी शिकायचं की त्यांनी?" शेवटी जाता जाता एक ओळ: "स्वतःच्याच पँटी दोनदा आत घेतल्यात, वजन उतरलं म्हणून खूश आहेत."

ताई,

ती शेवटची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझी नजर आधी तिच्यावरच अडली. उपाशीपोटी २४८ शुगर असलेल्या माणसाचं वजन प्रयत्न न करता उतरतंय, यात खूश होण्यासारखं काही नाही. साखर रक्तात आहे, पण ती वापरायला लागणारं इन्सुलिन पुरेसं नाही, म्हणून शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळायला लागलंय. गोळ्या चालू असताना एचबीए१सी १० च्या वर आणि सोबत वजन उतरणं, ही जोडी दिसली की जगभरातले डॉक्टर इन्सुलिनचाच विचार करतात. तुमच्या डॉक्टरांनी घाई केलेली नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण डॉक्टरांना फोन या आठवड्यातच करा आणि उतरलेल्या वजनाचं त्यांना सांगा. मधल्या काळात उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास किंवा गुंगी यातलं काहीही दिसलं तर फोनही नको, थेट हॉस्पिटल गाठा.

आता भावोजींचा व्हिडिओ. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजीत, म्हणजे रक्त-लघवी तपासण्यात झाली, त्यामुळे लाल पेशींचा विषय निघाला की मला थोडं लांबण लावायची सवय आहे. सांभाळून घ्या.

तुमच्या लेकीने शोधलं ते बरोबर आहे, तिला रागावू नका. लाल पेशीच्या आवरणावर इन्सुलिनला पकडून ठेवणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हे १९७० च्या दशकातच दाखवलं गेलं. खरं तर लाल पेशीला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतच नाही. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना लागतं. लाल पेशीत साखरेचा रस्ता कायम उघडा असतो. मग या जागा तिथे कशाला? लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होत असताना त्या भरपूर असतात. पेशी रक्तात येते, वयाने वाढते, तशा त्या कमी होत जातात. थोड्याफार शेवटपर्यंत राहतात. संशोधकांच्या हे पथ्यावरच पडलं, कारण यकृताचा किंवा स्नायूचा तुकडा काढण्यापेक्षा हातातून थोडं रक्त काढणं किती सोपं! म्हणून या विषयावर इतके पेपर निघाले, आणि तेच तुमच्या लेकीला सापडले.

तर परिणाम होतो, हे खरं. तो कुठल्या दिशेने होतो, ते व्हिडिओत नाही.

लाल पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शरीरातल्या सगळ्यात बारीक केशवाहिन्या ५ मायक्रॉनच्याही असतात, आणि प्लीहेतल्या फटी तर त्याहून कितीतरी अरुंद. तरी पेशी त्यातून जाते, कारण ती गच्च भरलेली नसते. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत पाव लिटर दूध असेल तर ती कशीही दुमडून कुठेही घुसवता येते, तसं. काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात या पेशी पाहिल्या तर कडा गडद आणि मध्य फिकट दिसतो. तो फिकटपणा म्हणजे मधला खोलगट, रिकामा ठेवलेला भाग. त्याच्या आणि लवचिक आवरणाच्या जोरावर ही पेशी साधारण १२० दिवस शरीरभर फिरते. दुरुस्तीचं सामान तिच्याजवळ नाही, केंद्रकसुद्धा नाही. आवरण एकदा कडक झालं की ते बदलून मिळत नाही.

आणि डायबेटिसमध्ये हेच आवरण कडक होतं. रस्ता कायम उघडा असल्यामुळे रक्तात जितकी साखर, जवळपास तितकी पेशीच्या आत. ती साखर हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तुमच्या रिपोर्टमधला एचबीए१सीचा आकडा म्हणजे या चिकटलेल्या साखरेचंच माप. पण ती फक्त हिमोग्लोबिनवर थांबत नाही. आवरणाला आतून आधार देणाऱ्या प्रथिनांनाही चिकटते, आवरणातल्या चरबीचं ऑक्सिडेशन वाढतं आणि पेशी वाकेनाशी होते. मधुमेहींच्या लाल पेशी वाकायला कमी पडतात हे १९७० च्या दशकातच मोजून झालं होतं. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये फ्रान्समधल्या एका गटाचं काम छापून आलं: इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णांच्या ताठरलेल्या लाल पेशींची लवचिकता इन्सुलिन दिल्यावर सुधारली, शरीरातही आणि परीक्षानळीतही. त्या सुमाराच्या इतरही काही प्रयोगांत इन्सुलिनमुळे आवरण जास्त प्रवाही झाल्याचं दिसलं. पेशीतलं सोडियम-पोटॅशियम सांभाळणाऱ्या पंपावरही इन्सुलिनचा परिणाम होतो.

म्हणजे ज्या 'बदला'ची भीती घातली जातेय, तो बहुतेक वेळा दुरुस्तीच्या बाजूचा आहे.

हातचं राखून सांगायचं तर एवढंच की सगळ्या प्रयोगांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नळीत घातलेलं इन्सुलिन कधीकधी आपल्या रक्तात असतं त्याच्या अनेक पट असतं. शिवाय डायबेटिसमध्ये डोळे आणि किडनी बिघडतात त्यात ताठर लाल पेशींचा वाटा असला तरी मुख्य मार बसतो तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर. म्हणून "पेशी लवचिक व्हाव्यात म्हणून इन्सुलिन घ्या" असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. घ्यायचं ते शुगर खाली आणण्यासाठी. पण इन्सुलिनने लाल पेशी फुटतात, रक्त नासतं, रक्त घट्ट होतं, याला काडीचा आधार नाही.

आणि एक गंमत भावोजींना सांगायला हरकत नाही. त्यांना डायबेटिस नसेल तर त्यांचं स्वादुपिंड रोज साधारण ३० ते ५० युनिट इन्सुलिन रक्तात सोडतंय. व्हिडिओ फॉरवर्ड करताना त्यांच्या स्वतःच्या लाल पेशींवर ते बसलेलंच होतं. तुमच्या यजमानांना डॉक्टरांनी सांगितलेत १०.

हे सगळं तुम्ही घरी वाचून दाखवाल, आणि तरी ते पेन हातात घेतील याची मला खात्री नाही. तुमचं पत्र असं गृहीत धरून चाललंय की शास्त्राचा प्रश्न सुटला की माणसाचा प्रश्न सुटेल. मला तसं दिसत नाही. दिवसभर सुई हातात असणारा माणूस ४ मिलिमीटरच्या सुईला घाबरून मागे हटणार नाही. पेशीच्या आवरणाची काळजीही त्यांना व्हिडिओ येईपर्यंत नव्हती. त्यांना नाही म्हणायला एक भारदस्त कारण हवं होतं, ते भावोजींनी घरपोच दिलं.

मग खरं कारण काय असेल? एकदा शांतपणे विचारा, ग्रुपवर नव्हे आणि जेवताना तर नव्हेच, दुकान बंद करून आल्यावर: "तुमच्या घरात इन्सुलिन कुणाला लागलं होतं?" आपल्याकडे कित्येक घरांत उत्तर मिळतं ते वडील, काका, आत्या यांचं, आणि पुढचं वाक्य "त्यानंतर पाय कापावा लागला" किंवा "त्यानंतर गेलेच". पूर्वी इन्सुलिन सुरू व्हायचं तेच फार उशिरा, सगळं बिघडून गेल्यावर. लोकांच्या डोक्यात राहिलं ते इन्सुलिन. आधीची उपचाराविना गेलेली वर्षं कुणी मोजली नाहीत. तुमच्या यजमानांच्या मनात असं काही असेल तर त्याला पेपर दाखवून उत्तर मिळत नाही. ऐकून घ्यावं लागतं, आणि कदाचित डॉक्टरांनीच ते त्यांना सांगावं लागतं.

"एकदा लागलं की सुटत नाही" याचंही तसंच. इन्सुलिनचं व्यसन लागत नाही. शुगर फार चढलेली असताना स्वादुपिंड अजूनच दमतं. काही महिने इन्सुलिनने त्याला उसंत मिळाली की काहींचा डोस कमी होतो, काहींचं बंदही होतं. बऱ्याच जणांना मात्र पुढेही लागतं, कारण या आजारात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक कमी होत जातात. निदान होतं तोवरच त्यांचं निम्म्याच्या आसपास बळ गेलेलं असतं. तुमच्या "माझंच काही चुकलं का" याचं उत्तरही यातच आहे. भाजीत बटाटा किती आणि पोळ्या किती यावर बारा वर्षांचा आजार थांबत नाही. पथ्याने तो सांभाळला जातो, आणि तो तुम्ही सांभाळलात. (ज्या माणसाला आजार आहे त्याचं पथ्य बायकोच्याच खात्यावर का, हा प्रश्न मी आज बाजूला ठेवते. फार काळ ठेवणार नाही.)

आता रिपोर्टमधला जो आकडा तुम्ही ओघात लिहिलात त्याबद्दल, हिमोग्लोबिन १०.९. पुरुषासाठी हे कमी आहे, आणि याचा संबंध थेट आपल्या विषयाशी लागतो. एचबीए१सी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर कमी दिसतो. ज्यांच्या घराण्यात थॅलेसेमिया किंवा सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषांचं वाहकत्व आहे त्यांच्यातही तो फसवू शकतो. म्हणून अशा वेळी नुसत्या त्या आकड्यावर न जाता बोटातून रक्त घेऊन उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर काही दिवस लिहून ठेवावी. तुमच्या यजमानांच्या बाबतीत निर्णय याने फिरेल असं वाटत नाही, उपाशीपोटी २४८ ला लोहाची सबब चालत नाही. पण हिमोग्लोबिन का कमी झालं ते शोधायलाच हवं. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. किडनीवर परिणाम झाला असेल तरी हिमोग्लोबिन उतरतं. आणि या वयाच्या पुरुषात लोह कमी निघालं तर पोटात कुठे थोडं थोडं रक्त जातंय का, हे पाहावं लागतं. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन, एवढ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि हो, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर एचबीए१सी नुसत्या त्यांनीही थोडा घसरू शकतो. तेव्हा श्रेय कुणाच्या काढ्याला जाऊ देऊ नका.

पर्याय कोणते म्हणाल, तर इन्सुलिन सांगितलं तसं सुरू करणं हा सरळ रस्ता. दुसरं मत घेणं हाही चांगला, पण तारीख ठरवून. "बघू कुणाला तरी विचारून" यात सहा महिने सहज जातात, आणि तेवढ्यात लाल पेशींची आख्खी पिढी साखरेत मुरून जाते. इन्सुलिनशिवाय दुसरी औषधं चालतील का, हे विचारण्यात काही गैर नाही. अलीकडे बरीच आली आहेत, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत. मात्र वजन उतरत असताना त्यातलं काय चालेल ते डॉक्टरच सांगतील. यजमान अगदीच अडले तर त्यांना एक मुदतीचा करार सुचवा: चार महिने घ्यायचं, मग एचबीए१सी पुन्हा करायचा आणि त्यानंतर पुढचं बोलायचं. चार महिने अशासाठी की तोवर आजच्या जवळपास सगळ्या लाल पेशी निवृत्त झालेल्या असतील आणि अंगात फिरणाऱ्या पेशी इन्सुलिन सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या असतील. ज्या पेशींची त्यांना एवढी काळजी, त्यांनाच साक्षीला बोलवायचं.

सुरू करण्याआधी तीन-चार गोष्टी, शिलाईवाल्यासाठी तर खास. डोळ्याचा पडदा तपासून घ्या. जुनी चढलेली शुगर झपाट्याने उतरली की आधीपासून पडद्यावर दोष असेल तर तो काही काळ वाढू शकतो, त्यामुळे तपासणी आधी झालेली बरी. शुगर वरखाली होताना डोळ्यातल्या भिंगाचा आकारही बदलतो, म्हणून पहिले काही आठवडे सुईत दोरा ओवताना अंधूक वाटेल. लगेच नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील.

फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातलं पेन आधी बाहेर काढून बघा. काही फ्रिजमध्ये मागच्या भिंतीजवळ बर्फ धरतो, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी निकामी झालेलं असतं. गोठल्याचा संशय आला तरी नवं आणा. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं. वापरात आलेलं बहुतेक प्रकारचं पेन घरात सावलीत साधारण चार आठवडे चालतं. नेमकी मुदत पाकिटातल्या चिठ्ठीवर असते. मे महिन्यात दुकानात, तेही इस्त्रीच्या टेबलाजवळ, नको. खर्चाची अडचण असेल तर पेनऐवजी बाटली आणि सिरिंज स्वस्त पडते, पण मिलिलिटरला ४० युनिट लिहिलेल्या बाटलीला लाल टोपीचीच सिरिंज आणि मिलिलिटरला १०० युनिट लिहिलेल्या बाटलीला नारिंगी टोपीची. ही अदलाबदल झाली की डोस अडीच पटीने चुकतो.

लग्नसराईत दुकानात जेवायला चार वाजत असतील. गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारं औषध) असेल तर इन्सुलिनसोबत शुगर लो होण्याचा धोका वाढतो. ती गोळी कमी करायची का, हे विचाराच. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, भलतीच चिडचिड झाली आणि शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. तपासायला मशीन हाताशी नसेल तर साखर आधी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. गुरुवारचा उपास करत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दुपारी उपाशी आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, या प्रकारात शुगर आधी घसरते आणि मग उसळते.

राहिला शेवटचा प्रश्न, सुई कुणी टोचायची. त्यांनी. तुम्ही टोचायला लागलात की उद्या माहेरी जायचं म्हटलं तरी रात्री दहाला तुम्ही घरात हव्यात. दवाखान्यातल्या सिस्टरकडून दोघांनी शिकून घ्या. नवी सुई लावायची, आधी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब आला की नाही ते पाहायचं, मग आकडा १० वर फिरवायचा. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर, रोज जागा थोडी बदलून. त्याच त्या जागी घेत राहिलं तर तिथे गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. बटण दाबल्यावर दहा अंक मोजायचे आणि मगच सुई काढायची. पहिल्या रात्री ते म्हणतील, "एवढंच?" तेव्हा "मी सांगत होते ना" म्हणण्याचा मोह आवरा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमा करा, सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी उचलणाऱ्याच्या हातात हातमोजे असतातच असं नाही. बाटली भरली की कुठे द्यायची, ते दवाखान्यातच विचारून ठेवा.